उजवा दिवा आणि डावें वळण

रस्त्यानें पायीं चालणारा मनुष्य कोणत्या बाजूस वळणार हें मागून येणाराला सहसा सांगावें लागत नाहीं. आधीं त्याची मान वळते, मग खांदा कलतो, आणि मागचा आपोआप सावध होतो. बैलगाडीचेंहि असेंच असे. कासरा ओढला जाऊन बैलाचें तोंड फिरलें कीं तें लांबून दिसे. मोटारीला मात्र मान नाहीं. ती वळूं लागेपर्यंत ती वळणार आहे हें कोणास कळत नाहीं, आणि वळूं लागल्यावर कळून फारसा उपयोग नसतो. म्हणून तिला खुणेचे दिवे द्यावे लागले. हे दिवे बिघडले असतां बिघाड कसा हुडकावा ह्याविषयीं गेल्या आषाढापासून आमच्या घरांत जो खल झाला, तो वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. विषय यंत्राचा, आणि आमचा सारा जन्म मुलांकडून शब्दरूपें व समास घोकवून घेण्यांत गेलेला. परंतु दारांत गाडी उभी असलेलीं कुटुंबें हल्ली पुष्कळ झालीं आहेत, आणि गाडीच्या मागच्या दिव्यांकडे मुद्दाम जाऊन पाहणारा मनुष्य त्यांत क्वचित् आढळतो. तेव्हां हें लिहिणें अगदींच अस्थानीं होणार नाहीं.

आम्ही राहतों माझगांवांत. ह्या भागांत खुणांची भाषा मोटारींहून जुनी आहे. भंडारवाडा टेकडीवरील जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानांत संध्याकाळीं फिरावयास गेलें म्हणजे खालीं डॉकयार्ड रोड स्टेशनांतून जाणाऱ्या हार्बर मार्गाच्या गाड्या आणि त्यांपलीकडे गोदींतील याऱ्या दिसतात. आमच्या इमारतींत गोदींतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडून आम्हांस जहाजांचे नियम कळले. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें, दृष्टीच्या टप्प्यांत दुसरें जहाज असतां उजवीकडे वळणारें जहाज एक आंखूड भोंगा देतें, डावीकडे वळणारें दोन, आणि यंत्र उलट फिरवून मागें हटणारें तीन. रात्रीं डाव्या अंगास तांबडा दिवा व उजव्या अंगास हिरवा. आणि जें जहाज कांहीं बिघाडामुळें ताब्यांत राहिलें नसेल, त्यानें एकाखालीं एक असे दोन तांबडे दिवे लावावयाचे. दिवसां त्यांच्या जागीं दोन काळे गोळे चढवावयाचे. त्याचा अर्थ एवढाच कीं, मला तुमच्या वाटेंतून बाजूला होतां येत नाहीं, तुम्हीच माझ्यापासून दूर राहा.

मोटारीचे चारी कोपऱ्यांवरचे दिवे एकदम लुकलुकवण्याची जी सोय आहे, ती ह्या दोन तांबड्या दिव्यांची धाकटी बहीण. तिला मुंबईंत सरसकट ‘पार्किंग लाईट’ म्हणतात, आणि नांव चुकलें म्हणजे वापर चुकावयास वेळ लागत नाहीं. वास्तविक गाडी बंद पडून रस्त्यांत अडली असतां इतरांना सावध करण्यासाठीं ती आहे. परंतु चौकांतून सरळ जावयाचें झालें कीं चार दिवे, पाऊस पडला कीं चार दिवे, घाई असली कीं चार दिवे, असा प्रकार रोज दृष्टीस पडतो. चार दिवे चालू असतांना बहुतेक गाड्यांत वळणाच्या दांडीचा कांहीं उपयोग होत नाहीं. ती खालीं ओढली काय आणि वर ढकलली काय, चारी दिवे आपले लुकलुकतच राहतात. आमचे शेजारी म्हणाले, “धडधाकट जहाजानें असले दिवे लावले तर कप्तानाला जाब द्यावा लागेल.” ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पूर्वीं हें काम हातच करी. मुंबईंत टॅक्सी १९११ सालीं आली, आणि त्यानंतर कितीएक वर्षें चालकाचा खिडकींतून निघालेला उजवा हात हीच वळणाची खूण होती. मधल्या काळांत कित्येक विलायती गाड्यांना दारामागच्या खांबांतून बाहेर पडणारा एक लहानसा हात असे. रेल्वेच्या जुन्या सिग्नलाचें जणूं तें बाळ. अमेरिकेंत १९३९ सालीं ब्यूक गाड्यांना लुकलुकणारे दिवे आले, आणि पुढें तेच सगळीकडे रूढ झाले. तरीहि आपल्याकडे हात कांहीं गेला नाहीं. कुर्ल्याच्या कारखान्यांत झालेल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीपर्यंत ह्या शहरांत होत्या, आणि त्यांतले जुने चालक दिवा लावूनहि वर हात काढीत. आम्हांस त्या वेळीं ती नुसती संवय वाटे.

आतां मूळ प्रकरणाकडे वळूं. आमच्या थोरल्या वहिनींना आठवड्यांतून तीन वेळां डायलिसिसकरितां न्यावें लागतें. पहिली पाळी सकाळीं सहाची. म्हणून पांचच्या सुमारास आमचा पुतण्या गाडी काढतो, वहिनी मागें बसतात, आणि सोबतीला बहुधा आम्ही असतों. गाडी जुनी आहे, परंतु ह्या कामासाठीं घरांतील सर्वांस तिचा आधार आहे. ज्येष्ठांत तिची डावी खूण विचित्र वागूं लागली. दांडी डावीकडे केली कीं टिकटिक नेहमीच्या दुप्पट वेगानें होई. पुतण्यानें गाडी एका मोठ्या कार्यशाळेंत नेली. तेथें त्यांनीं फ्लॅशर नांवाचा भाग बदलला, दिवे पाहिले, आणि गाडी परत दिली. आठ दिवस सर्व ठीक चाललें.

आषाढांतल्या एका पहांटे पाऊस धो धो कोसळत होता. वहिनींना रात्रभर धाप लागलेली. पुतण्यानें घाईनें चार दिवे लावले आणि गाडी हांकली. डॉकयार्ड रोडच्या बाजूला एका वळणावर त्यानें गाडी डावीकडे घेतली, आणि त्याच क्षणीं डाव्या अंगानें पुढें जाऊं पाहणारा एक पाववाला सायकलीसह गाडीवर आदळून पडला. गाडीचा वेग थोडा होता म्हणून बरें. त्याचा गुडघा फुटला, मनगट मुरगळलें, आणि मागची मोठी पिशवी फाटून सारे पाव रस्त्यावरच्या पाण्यांत गेले. आम्ही उतरून त्याला उचललें. तो बिचारा रागावलाहि नाहीं; नुसता आश्चर्यानें म्हणाला, “लेकिन आपने तो राइट दिखाया था!”

पुतण्या म्हणाला, नाहीं, आम्हीं चारी दिवे लावले होते. तो म्हणाला, नाहीं, एकच चमकत होता, उजवीकडचा. आम्हीं मागें जाऊन पाहिलें. उजवा दिवा ठळकपणें लुकलुकत होता. डावा मेल्यासारखा पडलेला. पुढच्या मडगार्डावरचा बारीक दिवा लागत होता खरा, पण तसल्या पावसांत मागून येणाऱ्याच्या तो ध्यानांत कसा यावा? चारांतला मागचा डावा दिवा गेला, म्हणजे मागून पाहणाऱ्याला उरलेली खूण उजव्या वळणाची होते. त्या मनुष्यानें ती खूण वाचली, तिच्यावर विश्वास ठेवला, आणि शहाण्या माणसाप्रमाणें डावीकडून निघाला. दिवा मुका असता तर तो कदाचित् थबकला असता. आमच्या गाडीनें त्याला मौनानें नव्हे, असत्यानें पाडलें.

त्याच्या औषधाचें आणि मालाचें पुतण्यानें तेथल्या तेथें पाहिलें. परंतु घरांत दोन दिवस कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. कार्यशाळेंत पुन्हां नेली तेव्हां त्यांनीं चाकाखालची दांडी आणि मागचें वायरिंग सगळेंच बदलावें लागेल म्हणून कांहीं हजारांचा आंकडा सांगितला. दादा म्हणाले, गाडी विकून टाका. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. पण आठवड्यांतून तीन वेळां पांच वाजतां पावसांत टॅक्सी शोधणें म्हणजे काय, हें त्यांच्या तोंडाकडे पाहून कळत होतें.

शेजारच्या गृहस्थांनीं एका मिस्त्रींचें नांव सुचवलें. दारूखान्याच्या बाजूला त्यांची पत्र्याची लहानशी टपरी. मूळचे संगमेश्वराकडचे, वय पन्नाशीपुढचें, आणि निम्मा जन्म फियाट टॅक्सींच्या तारा जोडण्यांत गेलेला. त्यांनीं गाडी उघडली नाहीं. आधीं विचारलें, “मास्तर, हें दिवसां होतें कीं रात्रीं? मागचे लाल दिवे चालू असतांना होतें कीं नसतांना? ब्रेक दाबल्यावर काय होतें?” आम्हांस वैद्याच्या नाडीपरीक्षेची आठवण झाली. कार्यशाळेंत हे प्रश्न कोणी विचारले नव्हते.

मग त्यांनीं पुतण्याला आंत बसवलें आणि आम्हांस मागें उभें केलें. फक्त डावी खूण लावली: दिवा मंद, टिकटिक जलद, आणि नवल असें कीं शेजारचा लाल दिवाहि तिच्या तालावर किंचित् उजळे व मंदावे. लाल दिवे पूर्ण चालू केले: डावी खूण आणखी मंद. ब्रेक दाबला: खूण संपली. उजव्या बाजूस ह्यांतलें कांहींच होईना. मिस्त्री हंसून म्हणाले, “फ्लॅशर बिचारा साव आहे. दोन्ही बाजूंना तोच एक. तो आजारी असता तर उजवी बाजू कशी बरी राहिली असती?”

आम्ही नैयायिकांचा अन्वय आणि व्यतिरेक चाळीस वर्षें फळ्यावर धूर आणि अग्नि ह्यांच्या आधारानें शिकविला. ज्याच्या असण्यानें गोष्ट असते आणि ज्याच्या नसण्यानें ती नसते, तेंच तिचें कारण. मिस्त्रींनीं त्याच न्यायानें एकेका संशयिताला मोकळें केलें. डाव्या दिव्यांतला बल्ब काढून उजवीकडे लावला आणि उजवीकडला डावीकडे. रोग डावीकडेच राहिला, बल्ब सुटला. मग दोन तारा जोडलेला एक लहान दिवा घेऊन त्याचें एक टोंक गाडीच्या उघड्या लोखंडाला चिमट्यानें लावलें आणि दुसरें होल्डरांत वीज येते त्या जागीं टेकवलें. तो लख्ख लुकलुकला. म्हणजे वीज येथपर्यंत नीट येत होती. दांडी सुटली, फ्यूज सुटला, येणारी तार सुटली. उरला तो परतीचा मार्ग. गाडींत वीज एका तारेनें जाते आणि गाडीच्या लोखंडी अंगांतून परतते. ह्या परतीच्या जोडणीला हे लोक ‘अर्थ’ म्हणतात.

“मास्तर, अर्थ तुटलाय,” ते म्हणाले. वाणी आणि अर्थ ह्यांची जोडी कालिदासानें पार्वती-परमेश्वराएवढी अभिन्न मानली. येथें वाणी शाबूत आणि अर्थ गेलेला! आम्ही हंसलों, मिस्त्रींना कारण कळलें नाहीं.

त्यांनीं एक सुटी तार घेतली, एक टोंक होल्डराच्या अर्थाला, दुसरें डिकीच्या कुलपाच्या उघड्या लोखंडाला. डावा दिवा झळकन् उजळला, टिकटिक संथ झाली, ब्रेक दाबला तरी ढळेना. तार काढली: पुन्हां मंद. लावली: उजळला. असें तीन वेळां केलें. अन्वय आणि व्यतिरेक इतके स्वच्छ आम्हीं कोणत्याहि ग्रंथांत पाहिले नव्हते.

मग उलगडा झाला तो असा. मागच्या दिव्याच्या पेटीभोंवतालचें रबर फाटून पाणी आंत जात होतें. एकाच पेटींत लाल दिवा, ब्रेकचा दिवा आणि वळणाचा दिवा, आणि तिघांचा परतीचा रस्ता एकच. तो रस्ता बुजला म्हणजे एकाची वीज दुसऱ्याच्या तारेंतून वाट काढूं पाहते. म्हणून लाल दिवा भलत्या तालावर नाचतो. आणि सगळे एकदम चालू झाले म्हणजे कोणालाच धड वाट मिळत नाहीं. जेथें पितळी टोंक लोखंडी अंगाला स्क्रूनें आवळलें होतें, तेथें हिरवट जंगाल आणि तांबूस गंज ह्यांचा एकच लगदा झाला होता. दोन भिन्न धातु आणि त्यांमध्यें खारट ओल, म्हणजे लहानसा विजेचा घटच. त्यांत दुबळा धातु झिजतो. माझगांवची हवा समुद्राची, तेव्हां हें येथें लवकर होतें. घरीं हें सांगितलें तेव्हां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “म्हणजे कल्हई गेलेल्या भांड्यांत ताक कळकतं तसंच कीं.” ह्याहून नेमकें आम्हांस सांगतां आलें नसतें.

पण मग फ्लॅशर बदलल्यावर आठ दिवस गाडी बरी कशी चालली? मिस्त्री म्हणाले, “बल्ब बघायला त्यांनीं पेटी हलवली असणार. हलवल्यानें गंज जरा खरवडला, जोड लागला. नांव झालें फ्लॅशरचें.” कावळा बसायला आणि फांदी तुटायला, ती ही गोष्ट. आम्हांस त्या कार्यशाळेचा राग आला तो पैशाकरितां नव्हे. बरें झालें, आतां कशाला विचार करा, हा जो आळस आहे तो त्या पाववाल्याच्या गुडघ्यावर निघाला.

एक शंका पुतण्याच्या मनांत होती, आणि ती वाचकांनींहि नीट समजून घ्यावी असें वाटतें. एक दिवा मंदावला तर टिकटिक जलद होते. हीच तर चालकाला इशारत. मग त्या पहांटे टिकटिक नेहमीसारखी कां होती? ह्याचें उत्तर साध्या गणितांत आहे. ह्या दिव्यांतला मोठा बल्ब २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टांच्या विजेवर तो सुमारें पावणेदोन अँपियर प्रवाह घेतो. एका बाजूचे पुढचा-मागचा मिळून दोन, म्हणजे साडेतीन. त्यांतला एक गेला कीं प्रवाह निम्मा होतो, आणि फ्लॅशर तेवढ्यावरून ओळखतो कीं एक दिवा गेला. मग तो मुद्दाम घाईनें टिकटिकतो. पण चार दिवे लावले असतां प्रवाह सात अँपियर. एक गेला तरी सवापांच उरतोच, साडेतीनांहून पुष्कळ अधिक. फ्लॅशराला वाटतें, सर्व क्षेम आहे. अशा रीतीनें चार दिव्यांची खूण स्वतःचा दोष चालकापासून लपवते आणि मागच्याला उलटा अर्थ सांगते. घाईसाठीं चार दिवे लावूं नयेत ह्याला आणखी कोणतें कारण हवें?

नव्या गाड्यांत फ्लॅशर निराळा भाग म्हणून नसतो. संगणकाची एक पेटी तें काम करते आणि टिकटिकहि पुष्कळदां नकली, ध्वनिक्षेपकांतून काढलेली असते. तरी अर्थाची जोडणी तेथेंहि लोखंडाशींच असते. दुसऱ्या पुतण्यानें एलईडी बल्ब बसवण्याची सूचना केली होती. मिस्त्रींनीं मान हलवली. ते इतका थोडा प्रवाह घेतात कीं जुना फ्लॅशर त्यांना गेलेलेच समजतो आणि सदैव घाईनें टिकटिकतो. मग जादा रोध जोडा, तो तापणार, हा व्याप हवाच कशाला!

दुरुस्तीला अर्धा तासहि लागला नाहीं. टोंक काढून पॉलिश पेपरनें चकचकीत केलें, लोखंडावरचा रंग व गंज खरवडला, नवा स्क्रू आवळला, वर ग्रीस फांसलें, आणि रबर बदललें. दोनशें रुपये घेतले. आम्हीं अधिक देऊं केले ते घेतले नाहींत. मात्र तपासणी कशी करावी हें पुतण्याकडून वदवून घेतलें. गाडी रात्रीं भिंतीकडे पाठ करून उभी करावी, लाल दिवे लावावे, ब्रेक दाबून धरावा, आणि मग डावी, उजवी व शेवटीं चारी अशा खुणा लावून भिंतीवरचा उजेड आरशांत पाहावा. लाल दिवे व ब्रेक बंद ठेवून केलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे, कारण परतीच्या मार्गावर भार पडतो तो ह्या सगळ्यांचा मिळून. टिकटिक मिनिटाला ६० ते १२० च्या दरम्यान असावी, असें मानक आहे. मागें माणूस उभा असेल तर भिंतीची गरज नाहीं. आमची नात हें काम आनंदानें करते, तिला नुसतें “लागतो का?” असें विचारूं नये, कारण ती “लागतो, नाहीं, लागतो, नाहीं” असें उत्तर देत बसते.

गाडी विकण्याची भाषा आतां बंद आहे. वहिनींची पाळी पूर्वीप्रमाणें चालली आहे, आणि पुतण्या पावसांतहि चार दिवे लावीत नाहीं. वळतांना दांडीबरोबर कांच खालीं करून हात काढतो. डावीकडे वळतांना उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेनें फिरवावयाचा, हें त्याला परवाना काढतांना शिकविलें होतें. विसरलेलें तें पुन्हां पाठ झालें. पाववाला पंधरा दिवसांनीं पुन्हां फेरीवर येऊं लागला. त्याच्या सायकलीला मागें तांबडी कांच नव्हती, ती पुतण्यानें बसवून दिली.